मोड दिसला, नायटा लपला: गुदद्वाराजवळच्या खाजऱ्या पुटकुळ्यांचं एक प्रकरण

हे प्रकरण कुणा एका माणसाचं नाही. अशा रुग्णांमध्ये नेहमी आढळणारे तपशील एकत्र करून ते रचलं आहे. औषधं आणि मात्रा प्रत्यक्ष वापरातल्या आहेत. पण गोळ्यांची मात्रा रुग्णागणिक बदलते, ती तपासणाऱ्या डॉक्टरनेच ठरवायची.

तक्रार

अडतीस वर्षांचा पुरुष. कोल्हापूर–मुंबई रात्रीची खासगी बस चालवतो. एका रात्री वर, दुसऱ्या रात्री खाली, मधल्या वेळात दिवसा झोप. तक्रार पाच महिन्यांची: "मूळव्याधीचा मोड आलाय, बाजूला पुटकुळ्या उठल्यात आणि कंड सहन होत नाही." रक्त पडत नाही, शौचाला दुखत नाही, ताप नाही, वजन घटलेलं नाही. दोन वर्षांपूर्वी कडक शौच होऊन चीर पडली होती, ती महिनाभरात भरून आली.

या तक्रारीतला 'मोड' हा शब्दच अर्धी गफलत करतो. गुदद्वारापाशी हाताला काही लागलं की आपण त्याला मोड म्हणतो. मग ती चामडीची लोंबती घडी असो, चामखीळ असो, केसतोड असो की गळू. शब्द ठरला की औषधही ठरतं आणि मेडिकलमधून मूळव्याधीचं मलम घरी येतं. पाच महिने नुसती खाज आणि वेदना अजिबात नाही, हे चित्र मूळव्याधीचं क्वचितच असतं. आतली मूळव्याध बहुधा न दुखता रक्त टाकते. बाहेरच्या मोडात रक्त गोठलं तर काही तासांत निळसर, टणक, जबर दुखणारी गाठ येते आणि दोन-तीन दिवसांनी वेदना उतरू लागते.

आधीचे उपचार विचारले तेव्हा यादी लांबली. पहिला महिना मूळव्याधीचं मलम, ज्यात जागा बधिर करणारं औषध आणि सौम्य स्टेरॉइड होतं. आठवडाभर बरं वाटलं. दुसऱ्या महिन्यात ढाब्यावर दुसऱ्या चालकाने 'तीन औषधांची' क्रीम सुचवली. तिसऱ्या दिवशी खाज गायब. थांबवली की आठ दिवसांत दुप्पट जोराने परत. अशा सहा ट्यूब संपल्या. जोडीला रोज दोनदा कडकडीत गरम पाणी आणि जंतुनाशक द्रव, शौचानंतर अंगाचा साबण, आणि रस्त्यावर पाण्याचा भरवसा नाही म्हणून वेट वाइप्स. चौथ्या महिन्यात 'बिना ऑपरेशन' अशी पाटी लावलेल्या एका दवाखान्यात इंजेक्शनचा सल्ला मिळाला. खर्च ऐकून तो परत फिरला, आणि या सगळ्या प्रवासात हा त्याने घेतलेला सर्वांत शहाणा निर्णय ठरला.

विचारण्याची पद्धत

"रात्री खाज वाढते का?" हा नेहमीचा प्रश्न. खरूज आणि जंत या दोन्हींचा माग त्यातूनच लागतो. रात्रपाळीच्या माणसाला मात्र तो प्रश्न फसवतो. रात्री तो गाडी चालवत असतो, लक्ष रस्त्यावर असतं. त्यामुळे उत्तर "नाही" येतं. "आडवं झाल्यावर, झोप लागण्याआधी वाढते का?" असं विचारल्यावर तो म्हणाला की वाढते, पण सर्वांत जास्त त्रास पाच-सहा तास सीटवर बसल्यानंतर घाम मुरला की होतो. घाम आणि घर्षण यांनी चेतणारी खाज बुरशी किंवा सोलवटलेल्या त्वचेकडे बोट दाखवते.

दुसरा उपयोगी प्रश्न: घरात आणखी कुणाला? आधी "नाही" म्हणाला. "बायकोच्या कमरेला, साडीचा घोळ खोचतात तिथे, गोल चट्टा आहे का?" असं नेमकं विचारल्यावर आठवलं की आहे, तीन महिन्यांपासून. टॉवेल दोघांचा एकच.

तिसरा प्रश्न शौचाचा. दिवसातून तीन वेळा, चिकट, पातळसर. चहा आठ कप. शौचानंतर दोन तासांनी ओल्या पांढऱ्या कापसाचा बोळा गुदद्वाराला हलकेच टेकवून पाहायला सांगितलं. त्यावर पिवळट डाग आला. म्हणजे बाहेरून कितीही धुतलं तरी आतून थोडं थोडं झिरपतं आहे. विष्ठेतली पाचकद्रव्यं आणि जिवाणू त्वचेला झोंबतात, ती सोलवटते, खाजते. खाजऱ्या गुदद्वाराच्या रुग्णांत हे झिरपणं फार वेळा सापडतं, आणि बोळ्याची ही चाचणी फुकट असूनही क्वचितच कुणी करतं.

लैंगिक संबंधांबद्दलही विचारावंच लागतं. प्रश्नाआधी एक वाक्य पुरतं: "या जागेच्या पुटकुळ्यांसाठी हे सगळ्यांनाच विचारतो." नातेवाइकाला बाहेर बसवूनच हा प्रश्न करायचा, नाहीतर उत्तर खरं मिळत नाही.

तपासणी

डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी, चांगला प्रकाश, हातमोजे, खोलीत एक मदतनीस. नोंद घड्याळाच्या काट्यांप्रमाणे; पाठीच्या कण्याची बाजू म्हणजे सहाचा काटा. एवढ्याशा जागेत चार वेगवेगळ्या गोष्टी होत्या.

सहाच्या काट्यावर हरभऱ्याच्या डाळीएवढी, मऊ, कातडीच्याच रंगाची, न दुखणारी घडी. ही जुन्या चिरेची खूण. चीर भरते, तिच्या टोकाला सुजलेली कातडी तशीच उरते. रुग्ण ज्याला मोड म्हणत होता ती हीच, आणि ती खाजत नव्हती.

गुदद्वाराभोवतीची त्वचा पांढुरकी, ओलसर, बारीक भेगा पडलेली. वळ्या एरवीपेक्षा जाड. खाजवून खाजवून त्वचा जाडावते, जाडावलेली त्वचा आणखी खाजते.

डाव्या नितंबाच्या घडीत केसांच्या मुळाशी सात-आठ लाल पुटकुळ्या, त्यातल्या दोन पुटकुळ्यांच्या टोकाला पू. दर पंधरा दिवसांनी तो तिथले केस वस्तऱ्याने काढत होता. हे केसतोड.

आणि चौथी गोष्ट, जी दोन्ही ढुंगण बाजूला करून नीट पाहिल्याशिवाय दिसली नसती. नितंबावर बाहेरच्या दिशेने पसरलेली, तुटक-तुटक, किंचित उंच, तांबूस कड. तिच्यावर बारीक लाल पुटकुळ्या ओळीने, आतली जागा जवळपास साफ. तशीच कड दोन्ही जांघांत. ही खाजरी रांग म्हणजे नायटा, ज्याला गजकर्णही म्हणतात. स्टेरॉइडने त्याची नेहमीची ठसठशीत गोल वर्तुळं पुसून टाकली होती, म्हणून तो ओळखू येत नव्हता.

बोटांच्या बेचक्या, मनगटं, बेंबी, अंडकोशाची कातडी, डोकं, कोपर, नखं हेही पाहिलं. गुदद्वाराजवळच्या पुटकुळ्यांसाठी नखं कशाला पाहायची, असं वाटू शकतं. पण सोरायसिस घडीत असला की त्याला खपली नसते, नुसता चकचकीत लाल पट्टा असतो, आणि नखांवरचे टाचणीसारखे खळगेच त्याचं नाव सांगतात. इथे ते नव्हते. बोटाने आतून तपासलं, प्रॉक्टोस्कोप (गुदद्वारातून आत पाहायची छोटी नळी) घालून पाहिलं: आत मूळव्याध नाही, गाठ नाही.

काचपट्टी

निदान पक्कं करणारी तपासणी पंधरा-वीस मिनिटांची आहे. बोथट पात्याने कडेवरची खपली खरवडून काचपट्टीवर घ्यायची, त्यावर १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब, वर पातळ काच, दहा-पंधरा मिनिटं थांबून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचं. पहिला नमुना चट्ट्याच्या मधून घेतला गेला आणि काही दिसलं नाही. बुरशी कडेवर जगते, मधली जागा ती सोडून पुढे गेलेली असते. दुसरा नमुना कडेवरून घेतला तेव्हा फाटे फुटलेले, मध्ये पडदे असलेले धागे भरपूर दिसले. रुग्णाने सकाळी क्रीम लावलेली असेल तर तेलाचे थेंब नजरेला चकवतात, म्हणून येण्याच्या दिवशी काही लावू नका असं आधीच सांगितलेलं बरं.

जोडीला तीन महिन्यांची सरासरी साखर पाहिली, एचबीएवनसी ६.१ टक्के: मधुमेह नाही, पण उंबरठ्यावर. यकृताच्या तपासण्या ठीक. संमती घेऊन व्हीडीआरएल (सिफिलिसची रक्ततपासणी) आणि एचआयव्ही, दोन्ही निगेटिव्ह.

हे दुसरं काय असू शकलं असतं

गुदचामखीळ हा पहिला संशय. ती एचपीव्ही विषाणूमुळे, बहुतेक वेळा त्याच्या ६ आणि ११ या प्रकारांमुळे येते. टोकं खरखरीत, फुलकोबीसारखी, अनेक एकत्र, आणि वाढत जाणारी. चामडीची घडी गुळगुळीत असते, वर्षानुवर्षं तेवढीच राहते. चामखीळ बाहेर दिसली तर आतही पाहावं लागतं, जोडीदाराचीही तपासणी लागते. पायाच्या चामखिळीसाठी मिळणारं सॅलिसिलिक आम्ल इथे लावू नये. नाजूक त्वचा भाजून जखम होते आणि मग खरं निदान आणखी झाकलं जातं.

चामखिळीसारखंच दिसणारं, पण सपाट, ओलसर, करडट पांढरं उंचवट्यांचं पीक आलं तर तो दुय्यम अवस्थेतला सिफिलिस असू शकतो. ते सहसा खाजत नाहीत, दुखतही नाहीत, त्यामुळे लोक निवांत राहतात, आणि ते अतिशय संसर्गजन्य असतात. व्हीडीआरएलची तपासणी याचसाठी होती. अशा उंचवट्यांना चामखीळ समजून जाळलं गेलं तर जागा बरी दिसते आणि रोग अंगात तसाच राहतो.

मध्ये खळगा असलेले मोत्यासारखे दाणे म्हणजे मोलस्कम, हाही विषाणूचाच संसर्ग. घोसाने येणारे, फुटून दुखणारे पाण्याचे फोड म्हणजे नागिणीच्या कुळातला हर्पीस. एकाच छिद्रातून पुनःपुन्हा पू येत असेल, भोवती दोरीसारखं टणक लागत असेल तर भगंदर. त्याला कुठलंही मलम पुरत नाही, शल्यचिकित्सक लागतो. काखेत आणि जांघेतही खोल गाठी येऊन व्रण सुटत असतील तर हायड्रॅडेनायटिस हा वेगळाच जुनाट आजार.

खरूज इथे जवळचा स्पर्धक होता, कारण तीही घरभर पसरते. पण खरजेचे टणक खाजरे दाणे अंडकोशावर, लिंगावर, बेचक्यांत असतात, आणि ते नव्हते. असते तर ५ टक्के परमेथ्रिन क्रीम मानेपासून तळपायापर्यंत, आठ ते बारा तास, घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री, आणि आठवड्या-दोन आठवड्यांनी पुन्हा, हा उपचार होता. लोक क्रीम फक्त खाजतं तिथे लावतात आणि मग औषध चालत नाही म्हणतात.

लहान मुलाची तक्रार असती तर क्रम उलटा झाला असता: सर्वांत आधी दोऱ्यासारखे पांढरे बारीक जंत. मूल झोपलं की मादी बाहेर येऊन गुदद्वाराभोवती अंडी घालते. सकाळी उठल्या-उठल्या, शौचाआधी आणि आंघोळीआधी, पारदर्शक चिकटपट्टी गुदद्वाराला दाबून काचपट्टीवर चिकटवायची. एका दिवशी काही सापडलं नाही तरी ओळीने तीन सकाळी करायची. शौचाच्या साध्या तपासणीत ही अंडी बहुधा सापडत नाहीत, म्हणून 'रिपोर्ट नॉर्मल' यावर विसंबू नये. आणि मुलाच्या गुदद्वाराभोवती ठसठशीत, दुखणारा, गर्द लाल पट्टा असेल तर तो स्ट्रेप्टोकॉकस जिवाणूचा. त्याला प्रतिजैविक लागतं, बुरशीचं मलम नव्हे.

पन्नाशीपुढच्या माणसात एकाच बाजूचा, न हलणारा लाल किंवा पांढरट चट्टा सहा-आठ आठवड्यांच्या योग्य उपचारानेही बरा होत नसेल तर तुकडा काढून तपासायलाच हवा. पॅजेटचा आजार (हाही कर्करोगाचाच एक प्रकार) आणि त्वचेच्या वरच्या थरातला कर्करोग दोन्ही इसबाचं सोंग घेतात. टणक गाठ, न भरणारा व्रण, रक्त, शौचाची बदललेली सवय यांपैकी काहीही असलं तर सहा आठवडे थांबायचंही कारण नाही.

आधीच्या उपचारांनी काय केलं

सुरुवात बहुधा झिरपण्याने आणि घामाने झाली, आणि जांघेत नायटा होताच. त्यावर पडलेली प्रत्येक गोष्ट आगीत तेल ठरली.

'तीन औषधांच्या' क्रीममध्ये एक बुरशीविरोधी, एक प्रतिजैविक आणि क्लोबेटासोल होतं. क्लोबेटासोल हे त्वचेवर लावायच्या स्टेरॉइडांतल्या सर्वांत तीव्र वर्गातलं. ते सूज दाबतं, म्हणून तिसऱ्या दिवशी खाज थांबते. पण त्याच वेळी बुरशीला अडवणारी त्वचेची प्रतिक्रियाही दाबली जाते, आणि बुरशी शांतपणे पसरते. घडीत, घामाच्या ओलाव्यात, कपड्याखाली औषध कित्येक पट मुरतं. ट्यूब विकत घेताना बारीक अक्षरांतली नावं वाचावीत: क्लोबेटासोल, हॅलोबेटासोल, बीटामेथासोन, डेक्सामेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन. यांपैकी एक जरी असलं तरी ती 'खाजेची साधी क्रीम' नाही. जागेवरची त्वचा पातळ होऊन रक्तवाहिन्या दिसायला लागल्या, जांघेत पांढऱ्या-तांबूस रेघा उमटल्या, तर त्या रेघा कायमच्या राहतात.

शिवाय गेल्या दशकात भारतात पसरलेली नायट्याची बुरशी पूर्वीसारखी राहिलेली नाही. तिला २०२० मध्ये ट्रायकोफायटन इंडोटिनी हे नाव मिळालं, आणि तिच्या बऱ्याच नमुन्यांवर टर्बिनाफिन हे एकेकाळचं हुकमी औषध चालत नाही. औषध बुरशीच्या ज्या वितंचकाला (एन्झाइमला) धरतं त्याच्या जनुकातच बदल झालेला असतो. "दोन आठवडे गोळ्या घ्या" हा जुना हिशेब म्हणूनच फसतो.

मूळव्याधीच्या मलमातलं बधिर करणारं औषध आणि वाइप्समधलं मेथिलआयसोथायाझोलिनोन हे परिरक्षक, दोन्हींची ॲलर्जी येऊ शकते. ओळखायची खूण अशी की लावल्यावर काही तास बरं वाटतं आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी लाली औषध जिथवर ओघळलं तिथवर पसरते. साबण अल्कधर्मी, त्वचेचा थर किंचित आम्ल. रोज चार वेळा साबण म्हणजे तो थर रोज चार वेळा उतरवणं. जंतुनाशक द्रव आणि कडक पाणी यांबद्दल वेगळं बोलायला नको. कडक पाण्याने क्षणभर खाज मरते हे खरं, म्हणूनच त्याची चटक लागते.

काय करायला सांगितलं

पहिलं काम म्हणजे थांबवणं. मिश्र क्रीम, मूळव्याधीचं मलम, साबण, द्रव, वाइप्स, वस्तरा, सगळं त्याच दिवसापासून बंद. त्याच वेळी बजावून सांगितलं की पुढचे चार ते दहा दिवस खाज वाढेल, लाली उसळेल. हे न सांगता क्रीम बंद केली की रुग्ण सहाव्या दिवशी सातवी ट्यूब आणतो.

धुण्याची पद्धत: शौचानंतर साधं किंवा कोमट पाणी, हाताने, घासाघीस न करता. मऊ सुती कापडाने टिपायचं, पुसायचं नाही. दोन मिनिटं हवा लागू द्यायची. प्रवासात एक लिटरची बाटली आणि चार सुती रुमाल; वापरलेला रुमाल वेगळ्या पिशवीत. झिरपणं थांबेपर्यंत कापसाची पातळ पट्टी घडीत ठेवायची, ओली झाली की बदलायची.

औषध: बुरशीविरोधी इट्राकोनाझोलची १०० मिलिग्रॅमची कॅप्सूल, दिवसातून दोनदा, पोटभर जेवणानंतर लगेच. त्याआधी विचारून घेतलं: हृदय कमकुवत असल्याचं निदान नाही, यकृताचा आजार नाही, कोलेस्टेरॉलची सिम्वास्टॅटिनसारखी गोळी नाही. यांपैकी काहीही असतं तर हे औषध टाळलं असतं. लावायला १ टक्का लुलिकोनाझोल क्रीम, दिवसातून एकदा, झोपण्याआधी, कोरड्या त्वचेवर. चट्ट्याच्या कडेच्या पुढे दोन सेंटिमीटरपर्यंत लावायची, कारण बुरशी दिसते त्याच्या पुढे गेलेली असते. तर्जनीच्या शेवटच्या पेरावर ओढलेली क्रीमची रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम, ती दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. त्याला दोन रेघा लागत होत्या, म्हणजे महिन्याला ३० ग्रॅम. दहा ग्रॅमची ट्यूब महिनाभर पुरली असं कुणी सांगितलं तर ती पुरेशी लावलेली नाही.

गुदद्वाराच्या भेगाळलेल्या त्वचेवर मात्र बुरशीची क्रीम थेट झोंबते. तिथे पहिले दहा दिवस फक्त झिंक ऑक्साइडचं घट्ट मलम, पातळ थर, शौचानंतर आणि गाडीवर जाण्याआधी. आधीचा थर खरवडून काढायचा नाही, त्यावरच नवा द्यायचा.

खाजेची गोळी देताना त्याचा धंदा आडवा आला. हायड्रॉक्सिझिनसारखी गुंगी आणणारी गोळी बसचालकाला देणं म्हणजे घाटात झोप विकत घेणं. सेटिरिझिननेही काहींना पेंग येते. सुट्टीच्या रात्री तेवढी हायड्रॉक्सिझिन १० मिलिग्रॅम, एरवी सहसा पेंग न आणणारी फेक्सोफेनाडिन. अशा वेळी चालक, क्रेनवाले, कापणीयंत्रावर काम करणारे यांना धंदा विचारल्याशिवाय चिठ्ठी लिहू नये.

शौचासाठी एक चमचा इसबगोल, पूर्ण ग्लासभर पाण्यात, कॅप्सूलपासून दोन तास लांब. पातळ शौचाला इसबगोल कशाला, हा प्रश्न येतोच. ते कडक शौच मऊ करतं तसं पातळ शौच बांधतंही, आणि बांधलेलं शौच मागे चिकटून राहत नाही. चहा आठवरून तीनवर. तिखट महिनाभर कमी करून पाहायचं, फरक पडला नाही तर पुन्हा सुरू; पथ्याचा बागुलबुवा करण्यात अर्थ नाही.

कपडे सैल सुती, नायलॉनची घट्ट चड्डी बंद. मधल्या थांब्यावर चड्डी बदलायची आणि पाच मिनिटं उभं राहायचं. सीटच्या रेक्झिनवर सुती चादर. टॉवेल स्वतंत्र, चड्ड्या आणि टॉवेल इतरांपासून वेगळे गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात, पावसाळ्यात इस्त्री फिरवून. बायकोलाही तपासायला बोलावलं. तिचा चट्टा छोटा होता, गरोदर नसल्याची खात्री केली, तिला फक्त लावायची क्रीम दिली. घरातल्या एकाचाच नायटा बरा करणं म्हणजे गळक्या पिंपात पाणी ओतणं.

पुढे काय झालं

खाज रुग्णाने शून्य ते दहा अशी मोजायची. सुरुवातीला ८. पाचव्या दिवशी ९, सांगितल्याप्रमाणे. तेराव्या दिवशी ५. त्वचेच्या भेगा भरल्या, केसतोड वस्तरा थांबवल्यावर आपोआप बसले.

चौथ्या आठवड्यात मात्र गाडी अडली. खाज ४ वर थांबली, जांघेतली कड तशीच. बुरशी औषधाला दाद देत नाही का, मात्रा वाढवायची का, असे प्रश्न उभे राहिले. मग पिशवीतल्या सगळ्या गोळ्या टेबलावर ओतायला सांगितल्या. त्यात पॅन्टोप्राझोल निघाली. आठ कप चहामुळे होणाऱ्या ॲसिडिटीसाठी तो ती दोन वर्षं रोज सकाळी घेत होता, आणि "दुसरी कुठली औषधं?" याला त्याने "नाही" सांगितलं होतं, कारण त्याच्या लेखी ते औषधच नव्हतं. इट्राकोनाझोलची कॅप्सूल विरघळायला पोटातलं आम्ल लागतं. आम्लच बंद असेल तर कॅप्सूल पोटातून नुसती प्रवास करते. पॅन्टोप्राझोलचा परिणाम दिवसभर टिकतो, म्हणून दोन गोळ्यांत अंतर ठेवूनही भागत नाही. चहा कमी झाल्याने ॲसिडिटी तशीही उतरली होती. गोळी बंद केली, कॅप्सूल तीच आणि तेवढीच ठेवली. यकृताची तपासणी पुन्हा केली, ठीक आली.

आठव्या आठवड्यात खाज १, कड सपाट, जागी फक्त तपकिरी डाग. डाग म्हणजे आजार नव्हे. तो फिकट व्हायला कित्येक महिने जातात, आणि त्यासाठी गोरेपणाची क्रीम लावणं म्हणजे पुन्हा स्टेरॉइडच्या दारात जाणं. कडेवरून खरवडलेला नमुना स्वच्छ आला, तरी कॅप्सूल आणखी दोन आठवडे आणि क्रीम चार आठवडे चालू ठेवली. दिसेनासा झाला की औषध सोडणं, ही नायटा परतण्याची सर्वांत सामान्य वाट.

बाराव्या आठवड्यात तो आला तेव्हा खाज नव्हती. कापसाच्या बोळ्यावर डाग नव्हता. त्याला एकच गोष्ट हवी होती: सहाच्या काट्यावरचा 'मोड' काढून टाका. ती घडी मऊ होती, दुखत नव्हती, तिच्याखाली विष्ठा अडकत नव्हती. काढायची तर जखम पंधरा-वीस दिवस, रोज शौचाची जागा, आणि तेवढे दिवस गाडी बंद. स्वच्छतेला अडचण येऊ लागली किंवा आकार बदलला तर पुन्हा दाखवायचं ठरलं. घडी आहे तिथेच ठेवली, पुढची भेट सहा महिन्यांनी, साखरेच्या तपासणीसह.